‘भरती’वरचं नाव

दादर, रविवार

प्रिय कालिंदी,

पाकिटावर ‘प्रा. देविका’ लिहिलंय, कारण दुसरं नाव घातलं असतं तर तुमच्या सोसायटीच्या वॉचमनने पत्र परत पाठवलं असतं. आत मात्र मला हवं ते नाव. लग्नानंतर या नावाने मी तुला एकदाच हाक मारली, माटुंग्याच्या फुलबाजारात, आणि तीही तोंडातून निसटली म्हणून. तू वळायला क्षणभर वेळ लावलास. मग म्हणालीस, “अरे, मला वाटलं दुसऱ्याच कुणाला बोलावतायत.” मी हसलो. पण दादरला पोहोचेपर्यंत ते वाक्य चपलेतल्या खड्यासारखं टोचत राहिलं. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर तू दोन निळ्या खुणा देऊन गप्प बसली असतीस. कागदाला ती सोय नाही.

बातमी अशी की ‘भरती’ सापडलाय. हो, आपलाच गेम, एकोणनव्वद सालचा. संघमित्रा नावाची एक मुलगी आहे, लालबागला राहते, तिशीची असेल. जुने घरगुती संगणक आणि त्यांचे गेम जमवते, आणि प्रत्येक गेम कुणी केला याचा पोलिसांसारखा माग काढते. भंगारवाल्याकडे तिला चिंतामणी सरांच्या क्लासचा शिक्का असलेली कॅसेट मिळाली. तिने ती तसल्याच रबरी बटणांच्या संगणकाला जोडली. कॅसेट पूर्वीसारखीच किंचाळली आणि टीव्हीवर इंग्रजी लिपीत अक्षरं उमटली: संकल्पना चिंतामणी, चित्रं सौमित्र, रचना हेमचंद्र. मग ती वर्तमानपत्रात माझा फोटो बघून थेट माझ्या दारात. “काका, ‘भरती’ लिहिणारे हेमचंद्र तुम्हीच ना?”

मी तिला चहा दिला आणि म्हटलं, बस.

पुढचे चार महिने मी फार सुखात काढले. ती दर पंधरवड्याला यायची, फोन टेबलावर ठेवून माझं बोलणं रेकॉर्ड करायची, आणि मी सांगत सुटायचो. गिरगावातला क्लास, दोन संगणकांवर अकरा मुलं, उन्हाळ्यात टीव्ही इतका तापायचा की सर त्याला वहीने वारा घालायचे. हे सगळं खरंच होतं. फक्त जिथे ‘ती’ म्हणायला हवं तिथे मी ‘आम्ही’ म्हणत होतो, आणि तिसऱ्या भेटीपर्यंत ‘मी’ वर आलो होतो. तुला हसू येईल. वीस वर्षं मी सदर कशावर चालवतोय? दुसऱ्याने बांधलेल्या मुतारीवर स्वतःचा हसरा फ्लेक्स लावणाऱ्यांवर. परळपासून लालबागपर्यंत एक फ्लेक्स मी सोडलेला नाही. आणि माझ्या प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पानावर काय छापलंय? ‘लेखकाने तरुणपणी संगणकावर एक गेमही रचला होता.’ माझा फ्लेक्स तेवढा लहान टाइपात होता, इतकंच.

मग एके दिवशी तिने विचारलं, “काका, हा गेम सुरू होताना ‘आज तिथी कोणती?’ असं का विचारतो? आणि त्या तिथीला तुम्ही तीनने गुणून चारने का भागलंत?” मी चष्मा पुसला. म्हटलं, काही नाही गं, असंच, खेळ जरा अवघड व्हावा म्हणून. ती “बरं” म्हणाली. मला ते ‘बरं’ आवडलं नाही. तुझी आई असंच ‘बरं’ म्हणायची.

पुढच्या वेळी ती कफ परेडच्या मच्छीमार नगरात जाऊन आली होती. तिथे जाळं विणत बसलेल्या कुशाबा नावाच्या म्हाताऱ्याने तिला अर्ध्या मिनिटात सांगितलं: तिथीची पाऊणपट केली की भरती किती वाजता ते कळतं. चतुर्थीला तीनला, अष्टमीला सहाला. यात कसला गेम? हे तर आमच्या पोरांना दाढी यायच्या आधी कळतं. ती मला हे सांगत होती आणि मला तुमच्या दारात टोपली उतरवून बसलेली यशोदा कोळीण दिसत होती. तुझ्या आईशी पापलेटावरून वाद घालता घालता तिनेच तुला हा हिशोब शिकवला होता. तू त्यातून आख्खा समुद्र केलास! तिथी टाकली की त्या दिवसाचं पाणी चढायचं, उतरायचं. ओहोटी लागायच्या आत होडी वरळी कोळीवाड्याला लागली नाही तर खडकात अडकायची. अठ्ठेचाळीस किलोबाइटमध्ये, कालिंदी. आज सकाळी माझ्या मेव्हण्याने पाठवलेल्या ‘शुभ प्रभात’च्या गुलाबाला याच्या तिप्पट जागा लागली, आणि त्याला वासही नव्हता.

तू हे कसं करायचीस ते मी समोर बसून बघितलंय, आणि तेव्हाही मला ते कळलं नव्हतं. आम्ही मुलं संगणकासमोर बसून विचार करायचो, म्हणजे करायचो नाही. तुला मंगळवारी आणि शुक्रवारी अर्धा तास मिळायचा. तू चौकटीची वही घेऊन यायचीस. सगळा प्रोग्राम पेन्सिलने लिहिलेला. गेममधल्या पाण्यात फिरणारा बोंबील आठ बाय आठ चौकटींत, रांगोळीच्या ठिपक्यांसारखा मांडलेला. बारा मिनिटांत टाइप करून मोकळी. चूक जवळजवळ नसायचीच. सौमित्रने फक्त सुरुवातीचं चित्र काढलं. उरलेली अठरा मिनिटं तू मला खेळायला द्यायचीस. ‘भरती’मधलं माझं योगदान म्हणजे ती अठरा मिनिटं.

वाडीच्या गणपतीत सरांनी टीव्ही मंडपाशेजारी लावला तेव्हाची रांग आठवते? पोरं तिथी बघायला घराघरांतल्या कॅलेंडरांवर तुटून पडली. गुरुजी तुझ्या वडिलांना म्हणाले होते, “कमलाकांतराव, यंदा पोरं मलाच तिथी सांगतायत.” वडील खूश झाले. गेम कुणी केला ते त्यांना कुणी सांगितलं नाही.

आता ज्या गोष्टीमुळे माझी झोप गेली ती. संघमित्राने एक ते पंधरा सगळ्या तिथी टाकून बघितल्या. मग तिच्या आजीने सांगितलं की पंचांगात अमावास्येचा आकडा तीस असतो. तिने तीस टाकलं. मला घरी बोलावून पुन्हा टाकून दाखवलं. पडदा काळा झाला, होडी नाही, खडक नाहीत. खालून एकेक बोंबील वर आला आणि आपापल्या जागी थांबला. सगळे जमल्यावर त्यांचं नाव झालं. कालिंदी. वेलांटीसकट, अनुस्वारासकट, ज्या संगणकाला मराठी अक्षर माहीत नव्हतं त्याच्यावर.

मला आधी एवढंच सुचलं की हे त्या दहा दिवसांत कुणालाच कसं दिसलं नाही? आणि मग उत्तर कळलं तेव्हा मी उठून गॅलरीत गेलो. चतुर्थी ते चतुर्दशी. गणपतीत अमावास्या येतच नाही. तू तेही मोजलं होतंस.

“कालिंदी कोण?” संघमित्राने विचारलं. आणि मी, सत्य बोलण्याचे दर आठवड्याला पैसे घेणारा माणूस, म्हणालो, आठवत नाही गं.

ती महिनाभर शोधत होती. क्लासची मुलं, वाडीतली बिऱ्हाडं, शाळेची जुनी रजिस्टरं. कालिंदी मिळते ती नव्वद सालापर्यंत. पुढे कुठेच नाही. मिळणार कशी? लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने ‘देविका’ लिहिलं आणि आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले. संगणक फाइल पुसताना निदान ‘खात्री आहे का?’ असं विचारतो. तुला कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. मी पहिल्या रांगेत होतो.

गेल्या गुरुवारी मी तिला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, “काका, तिथीचा प्रश्न विचारला तेव्हाच मला कळलं होतं. तुम्ही सांगाल म्हणून थांबले.” माझ्यावर इतकी नेमकी टीका आजवर कुणी केली नव्हती.

आणखी एक गोष्ट तिला सांगितली, ती तुला पस्तीस वर्षांपूर्वीच सांगायला हवी होती. सर म्हणाले होते, कालिंदीसाठी घरचे स्थळं बघतायत, गेमवर तिचं नाव नको. ते तू ऐकलं होतंस. माझं नाव सरांनीच टाकलं असं तू धरून चाललीस, आणि मी तसं चालू दिलं. सरांनी तसं केलं नव्हतं, कालिंदी. त्यांनी ‘रचना’पुढची जागा रिकामी सोडली होती. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी क्लासमध्ये मी एकटा होतो. जागा रिकामी बरी दिसत नाही असं स्वतःला सांगितलं आणि टाइप केलं. मला तेव्हा तू आवडायचीस, हे कारण म्हणून सांगत नाही. आवडणाऱ्या माणसाशी कुणी असं वागत नाही.

पंधरा तारखेला संध्याकाळी पाच वाजता, परळला, संघमित्रा जुन्या गेमचं प्रदर्शन भरवतेय. तोच संगणक, तोच आवाज. दिवस तिने मुद्दाम निवडलाय. कॅलेंडर बघ, अमावास्या आहे. सोबत तिच्या नोंदवहीचा छापील फॉर्म जोडलाय. गेमचं नाव, साल, गाव मी भरलंय. ‘रचना’पुढे तिने आधीच माझं नाव लिहिलं होतं, ते मी खोडून खाली सही केलीय. त्याच्या शेजारची जागा तुझी. कालिंदी लिही, देविका लिही, दोन्ही लिही, माहेरचं आडनाव लाव नाहीतर कुठलंच लावू नकोस. काहीच लिहायचं नसेल तर तसाच परत पाठव, ती तशीच छापेल. जागा रिकामी आहे. या वेळी मी तिला हात लावलेला नाही.

तुझ्या अठरा मिनिटांवर आजवर जगलेला, तुझाच
हेमचंद्र