दहा सामन्यांची वही

बाबा,

आज रविवार, ५ फेब्रुवारी १९८४. संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली आहेत. मैदानावरून येऊन मी सायकल आत घेतली, बुटांची माती जुन्या पेपरवर झाडली, हात धुतले आणि लिहायला बसलो. आई शेजारी गेली आहे. ती यायच्या आत हे लिहून व्हावं असं वाटतं.

आपल्या कारखान्याची टीम आज पुन्हा हरली. शून्य-एक. हरल्याचं मला आता फारसं वाटत नाही, पण ज्या तऱ्हेने हरतात ते बघवत नाही. नवे कोच रेषेवर उभे राहून एकच ओरडतात, "क्रॉस डालो, क्रॉस!" आपले दोन्ही फॉरवर्ड बुटके, समोरचे बॅक उंच. पहिल्या अर्ध्या तासात कडेवरून एकवीस उंच क्रॉस मारले आणि एकवीसही त्या उंच बॅकच्या डोक्यावर नेऊन दिले. डावा विंगर कोपऱ्यापर्यंत धावतो, थांबतो, मान वर करून बघतो आणि चेंडू मागे देतो. मधला माणूस तो आणखी मागे देतो. चेंडू गोलकीपरकडे पोचला की लोक हसतात. एका म्हाताऱ्या मियाँजींनी मैदानाच्या भिंतीवरून आवाज दिला, "बेटा, गोल उधर है, पता लिख के दें क्या?" सगळे हसले. मला हसू आलं नाही. हाफटाइमला कोचनी संत्र्याच्या फोडी वाटल्या, पाठी थोपटल्या, आणि दुसऱ्या अर्ध्यात पुन्हा तेच. समोरच्या माणसाची उंची बघून चेंडू खाली ठेवावा एवढंही त्यांना सुचत नाही. तुमच्या वेळी निदान चेंडू जमिनीवर असायचा. हे मी आज म्हणतो. तेव्हा म्हणत नव्हतो.

तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. मॅट्रिकला दोनदा नापास होऊन घरी बसलेला. तुम्ही दिवसा शॉपमध्ये फिटर आणि चारनंतर टीमचे कोच. कोचिंगचे वेगळे पैसे नव्हते, फक्त चारला सुटायची परवानगी होती. मला काही काम असावं म्हणून तुम्ही जाड पुठ्ठ्याची एक वही आणून दिलीत, आणि एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी अशी पेन्सिल. म्हणालात, "तुझं अक्षर चांगलं आहे. सामन्यात काय होतं ते लिहीत जा." तुम्ही मला दिलेलं माझ्या नावाचं ते पहिलं काम. मी रकाने आखले. कोणाला किती चेंडू मिळाले, किती पुढे दिले, किती मागे, गोलावर किती मारले, गोल किती झाले. खेळाडूंची नावं शुद्ध यावीत म्हणून हजेरीच्या कागदाशी ताडून घेतली.

चार सामन्यांतच वहीने मला दाखवलं की आपलं आक्रमण एका माणसापाशी येऊन मरतं. सेंटर फॉरवर्ड. बदली कामगार म्हणून लागलेला, खेळाडू म्हणूनच घेतलेला, इथून जवळच्या मलिहाबादकडचा. एका सामन्यात चेंडू मिळाले चौदा, पुढे दिले तीन, मागे दिले अकरा. तो धावतच नसे. आणि तुम्ही बाकीच्या सगळ्यांना सांगायचात, "उसके पैर पे दो, उसे दौड़ाओ मत." एक माणूस धावू नये म्हणून दहा माणसं हळू चालत होती. बाकावर एक तरुण पोरगा होता, वाऱ्यासारखा. त्याला तुम्ही घ्यायचा नाहीत. लोक तुम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायचे, "मराठी कोच साहब का दामाद है क्या?" माझे कान तापायचे.

सहाव्या सामन्याच्या रात्री तुम्ही जेवत होतात. मी वही ताटाशेजारी उघडून ठेवली. आई म्हणाली, "जेवू दे की रे त्यांना." मी ऐकलं नाही. रकान्यावर बोट ठेवून म्हणालो, "बाबा, ह्याला काढा. हे बघा, आकडे बघा." तुम्ही घास खाली ठेवलात. "ह्यात त्याचा गुडघा कुठे लिहिलाय?" मी म्हणालो, गुडघा दुखतो तर घरी बसावं ना त्याने. तेव्हा तुम्ही जे माझ्याकडे पाहिलंत ते मला अजून आवडत नाही. "तू घरी बसलायस म्हणून सगळ्यांना बसवू नको," एवढं म्हणालात आणि पुन्हा जेवू लागलात. आईने माझ्या ताटात भाकरी वाढली. मी वही उचलून बाहेर गेलो.

आपल्या ओळीत शेवटच्या क्वार्टरमध्ये खेळ विभागाचे बाबू राहायचे, आठवतात ना. दहावा सामना हरलो त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला नळावर गाठलं. "सुना है तुम सब नोट करते हो? ज़रा हमें भी दिखाओ." मी धावत जाऊन वही आणून दिली. कोणीतरी शिकलेला माणूस माझं लिहिलेलं वाचणार होता. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या पानं उलटली, सेंटर फॉरवर्डच्या रकान्याशी थांबले, खिशातून पेन काढून दहा सामन्यांच्या बेरजेखाली रेघ मारली. वही काखेत मारून निघताना म्हणाले, "वाह. इतना साफ काम तो हमारे दफ्तर में नहीं होता." मला फार बरं वाटलं, बाबा. हे खोटं कशाला लिहू.

चार दिवसांनी हुकूम निघाला. सेंटर फॉरवर्ड टीममधून बाहेर, आणि मोसमाच्या उरलेल्या सामन्यांना दुसरे कोच. त्या संध्याकाळी तुम्ही चारला मैदानावर गेला नाहीत, पाच वाजता सगळ्या कामगारांबरोबर सुटून घरी आलात. पिशवीतून वही काढून माझ्यासमोर ठेवलीत. बाबूंनी ती तुमच्यासमोरच साहेबांच्या टेबलावर उघडली असणार. मी वाट बघत होतो की तुम्ही माराल. तुम्ही चपला काढल्यात, पाय धुतलेत आणि म्हणालात, "साहेब पण म्हणाले, अक्षर चांगलं आहे." त्यानंतर आपण फुटबॉलबद्दल कधी बोललो नाही. पुढच्या पावसाळ्यात तुम्हाला कावीळ झाली आणि अकरा दिवसांत सगळं संपलं. तुमच्या जागी मला घेतलं. मॅट्रिक नापासाच्या अकलेवर मी आज टाइम ऑफिसमध्ये हजेऱ्या भरतो. लोक म्हणतात, ह्याच्या कागदात चूक सापडत नाही.

एवढं तुम्हाला ठाऊक आहे. आज जे कळलं त्याच्यासाठी लिहायला बसलो.

दुसरा अर्धा सुरू झाल्यावर भिंतीवर माझ्या शेजारी एक माणूस येऊन बसला. डाव्या पायाने लंगडत आला. डोक्याला मफलर, हातात शेंगदाण्याची पुडी. थोडा वेळ खेळ बघून म्हणाला, "इन सबके तो दोनों घुटने सलामत हैं, फिर भी हमसे धीमे हैं." मग माझ्याकडे नीट बघून, "तुम मराठी कोच साहब के लड़के हो न? वही नाक है." तो तोच होता. आता मलिहाबादेत एका बागेवर राखणीला आहे. आंब्याला मोहोर आलाय, महिनाभर झोप नाही म्हणाला. मी विचारलं, पक्का का नाही झालास. त्याने पुडी माझ्यापुढे केली आणि अगदी साधेपणाने सांगितलं. खेळाडू म्हणून घेतलेल्या बदली कामगाराला एका मोसमात बारा सामने खेळावे लागत. बारा सामने आणि कोचची सही, मग नोकरी पक्की. नाहीतर मोसम संपला की सुट्टी. पहिल्या सामन्याआधीच सरावात त्याचा गुडघा गेला होता. डॉक्टरकडे गेला असता तर अनफिट लिहिलं असतं. तो तुमच्यापुढे रडला. तुम्ही म्हणालात, "तू बस खड़ा रह, बारह मैच मैं निकलवा दूँगा. किसी से कहना मत, घर में भी नहीं."

"दो रह गए थे, भैया," तो म्हणाला. "किसी ने ऊपर कागज पहुँचा दिया. कोच साहब तीन दिन साहब के दरवाज़े पर खड़े रहे. लंच की छुट्टी में, बिना खाए."

तुमचा डबा त्या आठवड्यात तसाच परत यायचा. आई मला म्हणायची, बघ रे, ह्यांना भूक का लागत नाहीये. मी म्हणालो होतो, टीम गेली म्हणून रुसलेत.

त्याने विचारलं नाही कागद कोणी पोचवला. मी सांगितलं नाही. आपली टीम तेवढ्यात एक कॉर्नर फुकट घालवून परत फिरली, आम्ही दोघांनी एकदम शिवी दिली आणि तो हसला. सामना संपल्यावर त्याला बस पकडायची होती. भिंतीवरून उतरायला मी हात दिला. उतरता उतरता तो म्हणाला, "अच्छा, तुम तो सब लिखते थे. कोहरे वाला मैच याद है? कॉर्नर आया था, हमारे माथे से लग के अंदर गया था. सब बोले विंगर का सीधा गोल है. हमारा था न वो?"

तो सातवा सामना. तुम्ही मला ताटावर बोललात त्याच्या पुढचा. धुकं इतकं होतं की अलीकडच्या बाजूच्यांना पलीकडचा गोल दिसत नव्हता. वहीत तो विंगरच्या नावावर आहे, निळ्या पेन्सिलीने, स्वच्छ अक्षरात. सेंटर फॉरवर्डच्या रकान्यात दहा सामने, गोल शून्य. बाबूंनी रेघ मारली ती त्याच शून्याखाली.

मी त्याला म्हणालो, "याद नहीं, भाई."

तो म्हणाला, "चलो, कोई बात नहीं," आणि लंगडत रस्त्याकडे गेला.

बाबा, हे पत्र मी कुठे टाकणार. आईला वाचता येतं म्हणून घरातही ठेवता येणार नाही. पण तुम्हाला सांगतो, मला आठवतं. त्या दिवशी मी गोलाच्या मागेच उभा होतो, जाळीपासून चार पावलांवर. चेंडू त्याच्याच कपाळाला लागला होता.