अकरा तारखेची मुलाखत

१० फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.४०
नवा संकल्प. यंदा शाळेतून बाहेर पडणारं एकही पोर वाऱ्यावर सोडायचं नाही. बावीस जण आहेत. बावीसच्या बावीस कामाला, नाहीतर ट्रेनिंगला. गावची खाण अर्धी बंद आहे हे खरं, पण नियोजन असलं की सगळं होतं. शाळेचा करिअर सल्लागार म्हणून हेच काम करतोय, सव्वीस वर्षं. ती उगाच नाही काढली.
आजपासून डोनट बंद.

११ फेब्रुवारी
ब्रिटा कोस्केला आली. वय अठरा. आई वृद्धाश्रमाच्या लाँड्रीत. पोरीला लाइनमन व्हायचंय. मी म्हटलं, मुलीच्या जातीला जरा... ती म्हणाली, सर, मागच्या हिवाळ्यात आमची लाइट चार दिवस गेली होती. पाचव्या दिवशी एक माणूस खांबावर चढला आणि अख्खी गल्ली देवाकडे बघावं तशी त्याच्याकडे बघत होती. मला तिथे वर जायचंय.
छान वाक्य. माझ्या भाषणात वापरीन.
डुलुथ शहरातल्या वीज कामगारांच्या युनियनची अप्रेंटिसशिप, म्हणजे पगारी उमेदवारी. अर्ज मीच भरला. पत्ता माझ्या ऑफिसचा दिला. मायलेकी सारखी घरं बदलतात, पत्र गहाळ व्हायला नको.
डोनट अर्धाच. तो धरायचा नाही.

२४ फेब्रुवारी
युनियनचा फोन! दोनशे अर्जांतून तीस निवडले, त्यात ब्रिटा. मुलाखत अकरा तारखेला, सकाळी नऊ. यांच्या मुलाखती दरवर्षी एप्रिलमध्ये असतात, म्हणजे भरपूर वेळ आहे. फोनवरच्या बाई आणखी काही सांगत होत्या. म्हटलं, मला सगळं ठाऊक आहे.
ब्रिटाला सांगितलं. तिने हळूच विचारलं, सर, गणित विचारतील का?

३ मार्च
युनियनचं पत्र आलं. फोनवर सगळं बोलणं झालंय, त्यामुळे न फोडताच ‘महत्त्वाचे’ या फाइलला लावलं.
वर्कशॉप शिकवणारी डोलोरेस प्रपिच म्हणाली, तिला डुलुथला मी नेते, माझी गाडी बर्फात चालते. म्हटलं, नको, ही माझी केस आहे. तर म्हणे, पत्र तरी फोडलंस का? काही माणसांना दुसऱ्यावर विश्वास म्हणून ठेवता येत नाही.
ब्रिटा रोज शाळेआधी तासभर डोलोरेसकडे बसून अपूर्णांक करते. डोलोरेस म्हणते, पोरीने अख्खी वही भरली.

१४ मार्च, शुक्रवार. सकाळी
मुलाखतीची जागा बघायला पत्र फोडलं.
अकरा मार्च.
मंगळवारी. त्या वेळी ब्रिटा आणि मी माझ्या ऑफिसात हात मिळवायचा सराव करत होतो.

त्याच दिवशी, दुपारी
युनियनला फोन केला. जो आला नाही त्याला दुसरी संधी नाही. पुन्हा भरती ऑगस्टमध्ये. बाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, आम्हाला तिचा अर्ज आवडला होता, सकाळी दहा वाजेपर्यंत वाट बघितली.
फोनवर महिना स्पष्ट सांगायला काय झालं होतं यांना?
सोमवारी ब्रिटाला सगळं खरं सांगायचं. पक्कं.

१७ मार्च
सांगितलं. म्हणजे सुरुवात केली. म्हटलं, ब्रिटा, युनियनकडून वाईट बातमी आहे. ती म्हणाली, नाही म्हणाले ना? माझी मान हलली. त्याचा अर्थ काय लावायचा, हे तिचं तिने ठरवलं.
न भेटताच, सर? काय कमी पडलं?
काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणून गेलो, गणित असेल.
तिने वही दप्तरात घातली. म्हणाली, तुम्ही खूप केलंत.
हे तात्पुरतं आहे. याच आठवड्यात नीट सांगतो.

६ जून
निरोपसमारंभ. ब्रिटाने आईची ओळख करून दिली. आई माझा हात सोडेना. म्हणाली, आमच्यासाठी आजवर कुणी एवढं धावलं नव्हतं हो. घरी केलेल्या, मांस-बटाटा भरलेल्या चार पास्ट्या दिल्या, अजून गरम. अशा दिवशी सांगणं बरं दिसलं नसतं.
ब्रिटा सोमवारपासून आईबरोबर लाँड्रीत. अहवालात लिहिलं, बावीसपैकी बावीस. प्रिन्सिपलने पाठ थोपटली.
पास्टी खाल्ली नाही. फ्रीजमध्ये ठेवली.

८ ऑगस्ट
नवी भरती निघाली. ऑगस्टअखेरपर्यंत अर्ज. उत्तम! आता नुसतं खरं सांगायचं नाही, सोबत कोरा अर्जही न्यायचा.
बायकोला, आर्लीनला, पहिल्यांदाच सगळं सांगितलं. ती म्हणाली, बूट घाल आणि आत्ताच्या आत्ता जा. तिला म्हटलं, अशा गोष्टींना तयारी लागते.

२१ ऑगस्ट
वृद्धाश्रमापर्यंत गाडी नेली. गाडी लावायला सावलीत जागा नव्हती. परत आलो.

१ सप्टेंबर
महिनाअखेर रविवारी आली आणि आज सोमवारी सरकारी सुट्टी. म्हणजे उद्यापर्यंत चालणारच. उद्या नक्की.

२ सप्टेंबर, मंगळवार
गेलो. ब्रिटा तळघरात, एकटीच. चादरींचा ढीग. मला बघून हसली, अय्या सर, तुम्ही!
सगळं सांगितलं. फोन, पत्र, मार्च. गणिताचंही.
ओरडेल असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, म्हणजे मी नापास नव्हते?
नव्हतीस.
थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं. पुन्हा सांगितलं.
मग मी खिशातून अर्ज काढला. म्हटलं, आत्ता भरू, मी गाडीने पोचवतो. तिने अर्जाकडे बघितलंही नाही. म्हणाली, शुक्रवार शेवटचा कामाचा दिवस होता, तेव्हाच अर्ज घेणं बंद झालं, सर. लायब्ररीत नोटीस होती. मी दोनदा वाचून आले. म्हटलं, एकदा नको म्हटलेल्याला कशाला पुन्हा तोंड दाखवायचं.
मशीनचा आवाज चालू होता. ती चादरीची घडी घालायला लागली. मी दुसरं टोक धरलं. तिने ते माझ्या हातातून सोडवून घेतलं, अगदी हळू.
राहू द्या सर, म्हणाली. माझं मी करते.