छत्रीवाल्यांची न गाजलेली गाणी

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (खरंच वाकून. कालपासून कंबर धरली आहे. कारण पुढे येईल.)

ज्या टेबलावर हे पत्र लिहितो आहे ते टेबल मी केलं. टेबलावरचा दिवा मी केला. बसलो आहे ती खुर्ची मी केली (मागचा डावा पाय सोडून, तो सुताराने केला आणि तोच डुगडुगतो). समोरचं भिंतीतलं कपाट, कपाटातल्या स्पीकरच्या दोन पेट्या आणि त्यांच्या मधोमध, पाणसळ लावून भिंतीत पक्कं बसवलेलं रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, हेही मीच केलं, कुठल्याही कॉलेजची पायरी न चढता. हे सगळं तुला माहीत आहे. तरी पुन्हा लिहितो, कारण पुढचा मजकूर वाचताना तुला त्याचा विसर पडण्याची शक्यता आहे.

तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींच्या घोरण्याचा त्रास कमी झाला का, म्हणजे तुला होणारा? आमच्याकडे सगळे मजेत. तुझी भावजय तर जरा जास्तच मजेत आहे. परवापासून भांडी घासतानाही मध्येच हसते, आणि मी स्वयंपाकघरात गेलो की तोंडात पदर कोंबते. त्याचीच हकीकत सांगायला बसलो आहे.

तू लग्न करून गेलीस तेव्हा घरातला प्लेअर घेऊन गेलीस, आणि छत्रीवाल्यांच्या सगळ्या गाजलेल्या रेकॉर्डीही. (छत्रीवाले हे त्या चौघा परदेशी गाणाऱ्यांचं नाव आपणच ठेवलेलं, कव्हरवर कडक उन्हात छत्र्या उघडून उभे आहेत म्हणून. साठच्या दशकात ती फॅशन असावी.) मागे राहिली एकच, जिच्यात एकही गाजलेलं गाणं नव्हतं आणि जी तू एकदाही लावली नव्हतीस. तिच्यावरचा कागदही अर्धा सोललेला. ती वाजवायला म्हणून मी यंत्र केलं, गाण्यांना नावंसुद्धा मीच दिली, आणि तेव्हाच ठरवलं की गाजलेलं गाणं कानावर म्हणून पडू द्यायचं नाही. रेडिओवर छत्रीवाले लागले की मी उठून रेडिओ बंद करत आलो. दुसऱ्याच्या घरी असलो तरी. गाजलेलं गाणं आवडायला काय लागतं? कान असले म्हणजे झालं. न गाजलेलं गाणं आवडायला माणूस लागतो.

त्यात 'शिडी' आहे, 'ओला बाक' आहे, 'काका उठा' आहे (यात सुरुवातीला कोणीतरी दार वाजवतं). पण सगळ्यांत वर 'बोट'. काय तो खर्जातला आवाज! साठीचा, भरल्या छातीचा गवय्या असणार, असं मी सगळ्यांना सांगत आलो. ढोलवाला प्रत्येक ठोका किंचित उशिरा टाकतो, जणू हात उचलवत नाही. आणि शेवटी धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटीचा तो लांबच लांब भोंगा, दोनदा. शब्द मला धड कळत नाहीत, पण दुःख कळतं. तू एकदा आली होतीस तेव्हा ऐकून म्हणाली होतीस, "हे लोक आजारी होते का रे?" त्यावर मी, लग्नानंतर माणसाचे कान जड होतात, असं काहीतरी बोललो होतो.

नवी नवरी म्हणून तुझी भावजय या कपाटापाशी पहिल्यांदा बसली तेव्हा मी 'बोट' लावलं. भोंगा झाला आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी. माहेर आठवलं म्हणाली. तेव्हापासून आमचं वाजलं की मी तोंडाने काही बोलत नाही. (बोललो की वाढतं.) मुकाट्याने 'बोट' लावतो. भोंग्यापर्यंत ती डोळे पुसते आणि चहा टाकते. ताई, आमच्या संसारात मला येणारी ही एकच युक्ती.

तर वाचनालयाने महिन्यातून एकदा गाण्यांची संध्याकाळ ठेवायचं काढलं. चष्म्याचा दुकानदार (त्याला आम्ही भिंग म्हणतो) गाजलेली गाणी लावणार होता. मी ग्रंथपालबाईंना सांगितलं, की गाजलेली गाणी लोक न्हाव्याकडेही ऐकतात, वाचनालयाने जरा मान वर करावी. पहिली संध्याकाळ मला मिळाली. माझं यंत्र भिंतीतून निघणं शक्य नव्हतं (मी बसवलेलं आहे), तेव्हा भिंगाचं विकत घेतलेलं यंत्र वापरायचं ठरलं. मला ते पसंत नव्हतं, हे मी त्याला तोंडावर सांगितलं.

हॉल भरला होता. तुझी भावजय पहिल्या रांगेत, हातात घडी केलेला रुमाल. तिने शेजारणींनाही बजावलं होतं, की रुमाल आणा ग, नाहीतर पंचाईत होईल. मी भाषण केलं. छत्रीवाले हे नाव कसं पडलं ते सांगितलं. गवय्याचं वय सांगितलं, ढोलवाल्याचा शोक समजावला, आणि भोंग्याच्या वेळी कृपया कोणी खोकू नये अशी विनंती करून सुई टेकवली.

ताई, हॉलमध्ये एकदम कोणीतरी मुंग्या सोडाव्यात तसं झालं. ढोल धावत सुटला. साठीच्या गवय्याच्या जागी एक किडकिडीत पोरगा उड्या मारत गाऊ लागला. मी भिंगाकडे वळून ओरडलो, "अहो, यंत्र पळतंय तुमचं!"

"यंत्र बरोबर आहे," भिंग म्हणाला. "घड्याळजींनी कालच तपासलंय."

"मग रेकॉर्ड बिघडली!"

"नेहमी असंच वाजतं हो छत्रीवाल्यांचं. तुम्ही त्यांचं दुसरं काही ऐकलंयत का कधी?"

तेवढ्यात भोंगा आला. बोटीचा नव्हता, ताई. सायकलचा होता. रबरी फुगा दाबायचा तो. पों पों. दोनदा.

मी पहिल्या रांगेकडे बघायचं टाळत होतो. एवढ्या वर्षांचं रडणं त्या पों पों मध्ये गेलं, आता घरी भांडण झालं तर मी काय लावू, हेच डोक्यात. शेवटी बघितलं. तुझी भावजय तोंडाला रुमाल लावून गदागदा हलत होती. मला वाटलं, झालं. मग तिने रुमाल काढला, आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अहो, मी एवढी वर्षं सायकलसाठी रडले!"

हॉल हसून कोसळला. शेजारणी टाळ्या वाजवू लागल्या, ग्रंथपालबाई (ज्या कुजबुजलं तरी डोळे वटारतात) म्हणाल्या, "परत लावा." 'बोट' परत लागलं. 'शिडी' लागलं, 'काका उठा' लागलं. त्यात दार कोणी वाजवत नाही, तो चक्क टाळ्यांचा ठेका आहे. खुर्च्या भिंतीला लागल्या. तुझ्या भावजयीने माझा हात धरून ओढलं, आणि मी (हे भाऊजींना वाचून दाखवू नकोस) नाचलो. कमरेचं कारण ते.

दर महिन्याची संध्याकाळ न गाजलेल्या गाण्यांचीच, असं एकमताने ठरलं. भिंगानेही हात वर केला. भला माणूस आहे. फक्त भाषण नको, असंही एकमताने ठरलं.

दुसऱ्या दिवशी घड्याळजी घरी आले, माझ्या यंत्रापाशी घड्याळ धरून उभे राहिले, आणि म्हणाले, पाच मिनिटांचं काम हे सहा मिनिटांत करतं. मोटरवरची चकती बारीक झाली आहे. मी म्हटलं, चकती मी स्वतः कानशीने घासली आहे. ते म्हणाले, "तेच म्हणतोय मी."

भाऊजींना नमस्कार. गुडघ्यांना जप.

तुझा,
धाकटा

ता. क. तुझ्याकडे छत्रीवाल्यांची ती सर्वांत गाजलेल्या गाण्यांची मोठी रेकॉर्ड आहे ना? ती पाठव. वरून वर्तमानपत्र गुंडाळ आणि 'कॅलेंडर' असं लिही, भिंगाचं दुकान पोस्टाच्या समोरच आहे. यात माझा शब्द फिरला असं समजू नकोस. आमच्या यंत्रावर ती गाणी अजून कोणीही ऐकलेली नाहीत, तेव्हा इथे तीही न गाजलेलीच.

ता. ता. क. काल आमचं वाजलं. (विषय: मी हॉलमध्ये नाचताना किती जणांच्या पायांवर पाय दिला.) मी कपाटापाशी जाऊन नुसताच उभा राहिलो. लावावं की नाही कळेना. आतून आवाज आला, "लावा की, थांबलात का?" लावलं. खर्जातला गवय्या आला, ढोलवाल्याचा हात जड झाला, आणि बोट सुटली. तुझी भावजय आधी हसली आणि मग, भोंग्याला, रडली. चहा झाला.

घड्याळजी चकती बदलून यंत्राचा वेग बरोबर करून द्यायला तयार होते. मी नको म्हटलं. चाळीस रुपये सांगत होते.