अकरा जणी, अकरा बॅगा

१४ जानेवारी, मंगळवार

'बायांनो! तुम्ही लग्नाला गेलात, बाळंतपणाला गेलात, मयतीला गेलात. प्रत्येक वेळी तुमचे कपडे कशात होते? साडीच्या दुकानातल्या पिशवीत! घरात बॅग एकच. तीत आधी नवऱ्याचे कपडे, मग पोरांचे, मग पाहुण्यांना द्यायचं सामान. तुमचं लुगडं राहिलं बाहेर. चाळीस-चाळीस वर्षं संसार केलात, आणि या जगात हातभर चौकोन तुमच्या नावाचा नाही!'

उद्याच्या भाषणाची सुरुवात हीच. 'हातभर चौकोन' हे विसरायचं नाही.

१५ जानेवारी, बुधवार

जिंकलं!

देवळाच्या मंडपात संक्रांतीचं हळदीकुंकू, दीडशे बायका. 'स्वतःची बॅग कुणाकडे आहे? हात वर करा.' एक हात वर नाही. तिथेच निम्मं भाषण झालं.

हळदीकुंकवाला रंगुबाईंना कुणी बोलावत नाही. आमच्यापासून तिसरं घर. नवरा फौजेत होता, अठ्ठ्याऐंशी साली श्रीलंकेत लढताना मारला गेला. तेव्हा त्या पंचविशीच्या, मुलगा ऋषिराज वर्षाचा. मी नाव घेऊन बोलावलं आणि पुढच्या सतरंजीवर बसवलं. दोघी-तिघींनी नाकं मुरडली. मुरडू देत.

भाषण संपल्यावर त्याच उभ्या राहिल्या.

'बाई, दिल्लीत भितीवर नावं कोरल्यात म्हणं, मेलेल्या जवानांची. त्येंचं बी हाय. मला हात लावून बघायचंय. पर माज्याकडं पिशवीच हाय.'

कुणीतरी हसलं. मग कुणीच हसलं नाही.

मी तिथेच जाहीर केलं. दिल्ली! विमानाने! पुरुष नाही सोबतीला, आणि प्रत्येकीची बॅग स्वतःची. दहा जणी उठल्या. रंगुबाई धरून अकरा. बारा फेब्रुवारी ठरली.

तिकिटं इंद्रजित काढणार. (नवऱ्याचं नाव मी या वहीत सरळ लिहिते. घरात अजून 'अहो'च. याचाही एकदा समाचार घ्यायला हवा.) मी अकराजणींना पुण्याच्या विमानतळावर पोचवणार आणि संध्याकाळी परत येणार.

१७ जानेवारी, शुक्रवार

ऋषिराज आला. चहा घेतला नाही, म्हणजे भांडायलाच आला.

'काकू, आईला कशाला नादी लावताय? मी नेतो की तिला. पुढल्या वर्षी.'

'ऋषिराज, सहा वर्षं ऐकतेय. पुढलं वर्ष कुठल्या महिन्यात येतं रे?'

दारात त्याची बायको रेश्मा उभी होती. ओढणी तोंडाला लावून हसली. तो आणखी चिडला. रंगुबाईंचं आधार कार्ड, पेन्शनचे कागद, सगळं त्याच्या फाईलमध्ये, फाईल कपाटात, किल्ली त्याच्या खिशात. 'लागलं की देतो,' म्हणाला.

पोरगा वाईट नाही. आईच्या औषधाचा एक दिवस चुकवत नाही. पण आईचं सगळं जपता जपता आईलाच कुलपात ठेवलंय, हे त्याला कोण सांगणार? मीच!

२० जानेवारी, सोमवार

सातारा. बॅगांचं दुकान. आजचा दिवस फ्रेम करून लावावा असा.

अकरा जणी आणि मी एकदम आत शिरलो तेव्हा सूरज नावाचा विक्रेता दोन पावलं मागे सरला. मग सावरला आणि गुलाबी, फुलाफुलांच्या बॅगा काढू लागला. 'लेडीजसाठी हेच चालतंय, मॅडम.'

मी म्हटलं, 'फुलं राहू दे. आधी मोकळी बॅग वजनाला किती भरते ते सांग.'

त्याला माहीत नव्हतं! विमानात हातातल्या बॅगेला सात किलोची मर्यादा. बॅगच साडेतीन किलोची घेतली तर बाईने काय न्यायचं, निम्मं लुगडं? आमच्यातल्या मंगल शिवणकाम करतात, त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि उंची, रुंदी, खोली मोजायला लागल्या. चाकंसुद्धा उंचीत धरायची, हे मी आधीच बजावलं होतं. चार बॅगा तिथेच बाद.

मग चेन. प्रत्येक चेन दहा वेळा उघडायची, दहा वेळा लावायची, कोपऱ्यावर अडते का बघायचं. अकरा चेनींचा आवाज एकदम! दुकानाचा मालक वहीतून डोकं वर काढून बघतच राहिला.

चार चाकांची बॅग सूरजने फरशीवर बोटाने ढकलली. सुळकन् गेली. 'बघा, लोण्यासारखी!'

रंगुबाई म्हणाल्या, 'बाळा, आमच्या गल्लीत फरशी न्हाई रं. दगडं हायती.' आणि बॅग धरून सरळ रस्त्यावर! गटाराच्या जाळीवरून ओढली, खडीवरून ओढली. तिसऱ्या फेरीला एक चाक निखळलं आणि गडगडत पानटपरीपाशी गेलं.

'आवं आजी, ह्ये काय केलंसा!'

'म्या काय केलं? दिल्लीत मोडलं असतं तर तू यणार हुतास व्हय उचलायला?'

मालकच हसला. 'दोन चाकांच्या काढ. मोठ्या चाकांच्या. कापडी.' त्या काढल्या. जाळी, खडी, पायरी, सगळं पार! मग रंगुबाई बॅग आडवी करून तिच्यावर बसल्या.

'आता काय वो आजी?'

'यष्टी स्टँडवर बसाय जागा असती व्हय कवा?'

बॅग टिकली. अकराच्या अकरा तशाच घेतल्या, लाल. परतीच्या एसटीत प्रत्येकीने बॅग मांडीवर घेतलेली. कंडक्टर म्हणाला, 'वर ठेवा की.' एकीनेही ठेवली नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

कवठे महांकाळला व्याख्यान. विषय 'बाई आणि प्रवास'. सभा भरगच्च. मी बॅग भरण्याची शिस्त सांगत होते, तर मागून एक म्हातारी उठली. हरणाबाई. मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातली.

'बाई, तुमी आमास्नी भराय शिकवताय? आठ म्हैनं मेंढरामागं हिंडायचू आमी. सगळा संसार एका घोड्यावर! जड खाली, फुटणारं कापडात. आन् पयल्या मुक्कामाला लागतंय त्ये वर. न्हाईतर अंधारात सगळं उपसत बसावं लागतंय.'

टाळ्या! मी व्यासपीठावरून उतरून तिच्या पाया पडले. एवढी पुस्तकं वाचली, पण सामान भरण्याचं शास्त्र असं तीन वाक्यांत कुठे सापडलं नाही.

निघताना तिने हात धरला. 'आता मुक्काम करा. भाकरी टाकती.'

'नको, एसटी चुकेल.'

'तुमी सगळ्यास्नी जावा म्हनताय. आन् सोता ऱ्हात न्हाई व्हय कुटं?'

आज खरं लिहूनच टाकते. एकतीस वर्षांपूर्वी पहिल्या व्याख्यानाला निघाले तेव्हा सासूबाई बनुबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या. 'बोल कुटं बी जाऊन. पर दिवा लावायच्या आत न्हाई, तर निदान जेवणाच्या वक्ताला घरी. बाईनं मुक्काम करायचा त्यो माहेरात.' ती अट मी मान्य केली, कारण बोलायचं होतं. जवळपास नऊशे व्याख्यानं. कोल्हापूर, सोलापूर, पुणे. एक मुक्काम नाही! शेवटची एसटी, खांद्याला शबनम, तीत एक पुस्तक आणि पाण्याची बाटली. लोक त्याला साधेपणा म्हणतात.

सासूबाईंना जाऊन नऊ वर्षं झाली.

२८ जानेवारी, मंगळवार

आज गदारोळ.

आमच्याकडे फौजेत जाणाऱ्याची काळी ट्रंक ज्ञानू पेंटर रंगवतो. पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर, नाव, गाव. चाळीस वर्षं हेच काम. म्हटलं, आमच्या अकरा लाल बॅगा सारख्या दिसतात, यांच्यावरही नावं घाल. यादी दिली. आज बॅगा आणायला गेलो, तर काय?

अकरा बॅगांवर अकरा नवऱ्यांची नावं! सुंदर, ठसठशीत, एका ओळीत.

'ज्ञानू! यादी कशाला दिली होती?'

'यादी बघितली की, बाई. पर बॅग हरवली तर घरला पोचाय पायजे न्हवं? बाईच्या नावानं घर कोण वळकतंय?'

त्याच्या दृष्टीने त्याने उपकारच केले होते. मी त्याला उभ्या उभ्या अर्धा तास सुनावलं. सातबारा, मतदारयादी, रेशनकार्ड, काही सोडलं नाही. ज्ञानू म्हणाला, 'बाई, सभा संपली आसंल तर मारतो काळी पट्टी.'

काळी पट्टी मारून तिच्यावर पुन्हा पांढरं. एकेक जण पुढे येऊन आपलं नाव सांगू लागली. सांगताना घसा खाकरत होत्या. एक म्हणाली, 'शिवतेजची आई, असं लिवा.' मी नुसतं बघितलं. 'बरं, बरं. विमल लिवा.'

रंगुबाईंच्या बॅगेवर नवऱ्याचं नाव फौजेतल्या हुद्द्यासकट, 'नाईक सर्जेराव' होतं. तिथे ज्ञानूचा ब्रश थांबला. सगळ्याच थांबलो. मीसुद्धा म्हणाले, 'रंगुबाई, हे राहू दे का?'

त्यांनी अक्षरांवरून एकदा बोट फिरवलं. रंग अजून ओला होता, बोटाला लागला.

'मार रं पट्टी. त्येंचं तितं दगडावर हाय. हितं माजं लिव.'

या वाक्यापुढे माझी नऊशे व्याख्यानं पाणी भरतील.

२ फेब्रुवारी, रविवार

गळ्यात अडकवायच्या छोट्या पिशव्या मंगलनी सगळ्यांना शिवून दिल्या. आडवा पट्टा, आत दोन कप्पे, चेन अंगाच्या बाजूला. एका कप्प्यात आधार आणि तिकीट, दुसऱ्यात फोन, गोळ्या, चष्मा. मोठी बॅग एक वेळ दुसऱ्याने उचलली तरी चालेल, ही पिशवी झोपतानासुद्धा दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. ज्याच्या पिशवीत आपले कागद, त्याच्या हातात आपली दोरी!

रंगुबाईंची पिशवी रिकामी. ऋषिराज अजून 'देतो' वरच.

५ फेब्रुवारी, बुधवार

रंगुबाई एकट्या सेवा केंद्रात गेल्या. मला नंतर कळलं. आधारची नवी प्रत पाहिजे म्हणाल्या. अंगठा लावला, लागेना. ऊस खुरपून, शेणी थापून रेषाच झिजलेल्या. दुसरा अंगठा, लागेना. केंद्रातली पोरगी म्हणाली, 'आजी, मुलाला घेऊन या.' तेवढं ऐकलं आणि रंगुबाईंनी दहाही बोटं एकेक करून लावायला घेतली. उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट लागलं!

दारात येऊन कागद फडकवला. 'बाई, ह्या बोटानं कवा काम केलं न्हवतं बगा. म्हून वाचलं.'

८ फेब्रुवारी, शनिवार

पिठाच्या गिरणीत बॅगांचं वजन. दळण थांबवून अकरा बॅगा एकेक काट्यावर. सहा किलो, साडेसहा, पाच. गिरणीवाला प्रत्येक आकडा ओरडून सांगत होता आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो.

रंगुबाईंची — नऊ!

उघडली. हरणाबाईंच्या शिस्तीने जड तळाशी: दोन किलो गूळ, स्वतःच्या उसाचा.

'तितं पहाऱ्याला पोरं आसतील. त्येंच्याबी आया लांब हायती. खाऊ देत.'

कुणी 'ठेवा घरी' म्हणालं नाही. मंगलनी ढेप फोडली आणि दहा जणींनी आपापल्या बॅगेत एकेक खडा घेतला. पुन्हा काट्यावर — सात! एकही बॅग वर नाही. गिरणीवाल्याने पीठभरल्या हातांनी सलाम ठोकला.

१० फेब्रुवारी, सोमवार

ऋषिराज आला. आज चहा घेतला. खिशातून आईचं मूळ आधार काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

'माझ्याकडे नको देऊ. तिच्या हातात दे.'

गेला. रेश्माने मागून सांगितलं ते असं. त्याने कार्ड दिलं. रंगुबाईंनी छोट्या पिशवीत घातलं, चेन लावली. तो म्हणाला, 'आई, बारा तारखेला बॅग म्या उचलतो. गाडीपतूर.'

'नगं. चाकं हायती तिला.' मग म्हणाल्या, 'तू नुसता संगं चल.'

रेश्मा जाता जाता म्हणाली, 'काकू, पुढच्या खेपेला बारा बॅगा. माझी धरून.'

११ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी दार उघडलं. उंबऱ्याबाहेर लाल बॅग. मोठी दोन चाकं. पांढऱ्या रंगात, ज्ञानूच्या हातचं: विजयमाला. काळी पट्टी नाही. पहिल्या फटक्यातच माझं नाव.

मागे दहा जणी, पुढे रंगुबाई. 'बाई, गाडी उद्या साताला. तुमी परत यणार आसला, तर आमी बी पुण्यातनं परत.'

मी म्हटलं, 'तिकीट?'

आतून इंद्रजित तिकिटं घेऊन आला. पंधरा जानेवारीलाच काढलेली. अकरा नाही, बारा. 'आईची अट तिच्याबरोबरच संपायला हवी होती,' तो म्हणाला. 'मी नऊ वर्षं गप्प बसलो. भाकरी गरम मिळत होती.'

एकतीस वर्षं मी बायकांना 'निघा' म्हणत आले. आज माझ्या स्वतःच्या बॅगेत काय ठेवायचं, हेच ठरेना. दुपार झाली, बॅग उघडी, रिकामी.

पुरे! विजयमाला, पेन खाली ठेव. बॅग भर. जड खाली. पहिल्या मुक्कामाला लागेल ते वर.