सिंदीची वीज, माझ्या फाटकाशी

२ जानेवारी २००६
संध्याकाळचं लोडशेडिंग पुन्हा सुरू. लेकीची, रक्षाची, बारावीची परीक्षा फेब्रुवारीअखेर. बायको म्हणते, इन्व्हर्टर घ्या. साफ नकार दिला. फिजिक्सचा मास्तर इन्व्हर्टर घेतो होय? आपल्या सिंदी गावच्या कचऱ्यातून वीज काढणार. कचरा ड्रममध्ये सडवायचा, गॅसवर जुनं इंजिन फिरवायचं. आधी आपलं घर, मग वॉर्ड. शेजारच्या बंडूजीला कनेक्शन देणार नाही म्हणजे नाही.

९ जानेवारी
ओला कचरा माझ्या फाटकाशी टाका, असं घरोघर सांगून आलो. इतकी वर्षं न सांगता टाकत होते, सांगितल्यावर एकजण टाकेना. दोघींनी अंगण झाडलेली माती आणून ओतली. नतद्रष्ट गाव.

१७ जानेवारी
अखेर साली आल्या, मेथीचे देठ आले. सकाळी पाहतो तर जागा चाटून साफ. बंडूजीच्या गाई! स्वतःचं सरकीच्या ढेपेचं दुकान, आणि गाई चारतो माझ्या इंधनावर. भांडायला गेलो. म्हणाला, गाईले तुमची थेरी समजत नाई, सर. थिअरीला थेरी म्हणणाऱ्याशी काय बोलणार.

२९ जानेवारी
गाईंच्या आधी उठायचं ठरलं होतं. पण थंडी फार. उद्यापासून नक्की.

११ फेब्रुवारी
ड्रममध्ये मातीच जास्त. गॅस आला का पाहायला काडी लावली, विझली. काडेपेटी दमट असणार. वासावरून वॉर्डानं नगर परिषदेत तक्रार केली. पहिली सही बायकोची.

१९ फेब्रुवारी, संध्याकाळ
अंधार. रक्षा घरात नाही. बंडूजीच्या ओसरीत, गोबर गॅसच्या दिव्याखाली पुस्तक घेऊन बसलेली. ओढून आणायलाच गेलो होतो. बंडूजी म्हणाला, "तुमच्याच कचऱ्याचा उजेड आहे, सर. गाई खाऊन राह्यल्या, गॅस बनून राह्यला. पोरीले बसू द्या."
रक्षानं मान वर केली नाही. "बाबा, उजेडातून बाजूले व्हा."
वाईट वाटलं. राग त्याहून जास्त आला.

२० फेब्रुवारी
शांतपणे विचार केला. थिअरी माझीच खरी ठरली, फक्त प्लँट शेजारी निघाला. बंडूजीनं श्रेय द्यायला हवं होतं.
बायकोनं सालींची बादली हातात दिली, परीक्षा होईपर्यंत रोज नेऊन द्यायची म्हणून. गाई आता मला लांबूनच ओळखतात.