डावं मागचं चाक

बुधवार, १२ मार्च

चि. पान्यास ताईचे आशीर्वाद.

छत्तिशीच्या घोड्याला चिरंजीव लिहिताना मलाच हसू येतं. पण माझ्या डोळ्यांसमोर अजून दर आठवड्याला दहा नंबरचा पाना हरवणारा आणि शिव्या खाणारा तोच पान्या आहे, त्याला काय करू? इकडे सगळे बरे आहोत. तुझ्या भावोजींच्या शाळेत परीक्षा चालू आहेत, म्हणजे पेपर मुलं लिहितात आणि घाम ह्यांना फुटतो. वाढदिवसाचं तुझं कार्ड पोचलं. ‘बरा आहे. तू बरी असशील.’ अकरा वर्षांत अकरा कार्डं आणि तेच पाच शब्द. तार करतोस की काय! तरी सगळी जपून ठेवली आहेत.

बातमी अशी की तुझी गाडी उभी राहते आहे.

हो, तीच. तू गेल्यापासून गॅरेजच्या मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. तू गेल्यावर चौथ्या दिवशी कुरियरवाला एक जड खोकं घेऊन आला. तू तुझ्या गाडीच्या जुन्या स्प्रिंगांच्या जागी मागवलेले कॉइलओव्हर. बाबांनी सही केली आणि न उघडताच ते माळ्यावर टाकलं. तेव्हापासून दर वर्षी माळा झाडताना मी त्या खोक्याला वळसा घालून झाडत आले. मागच्या महिन्यात बाबा अचानक म्हणाले, “ते खोकं खाली काढ.” मी म्हटलं, “कशाला?” तर म्हणाले, “हातात पाना राहतोय तोवर तेवढी एक गाडी करून टाकू.” त्यांच्या उजव्या हाताला आता कंप आहे. चहाची बशी धरली की कप वाजत राहतो आणि आम्ही दोघं तो ऐकू येत नसल्यासारखं बोलत राहतो.

इंजिन आठवड्यात बोलायला लागलं. खरी मजा खालच्या कामात आली. तू कटरने दीड वेढा उडवलेल्या त्या जुन्या स्प्रिंगा आठवतात? गाडी खाली दिसावी म्हणून केलेला उद्योग! बसक्या बदकासारखी चालायची आणि प्रत्येक खड्ड्यात माझ्या कवळीची वेळ जवळ यायची. त्या काढताना बोल्ट इतके गंजले होते की दोन दिवस तेल पाजलं, पान्याला हातभर पाइप लावला, तेव्हा कुठे पहिला ‘कट्’ करून सुटला. बाबा पालथ्या डब्यावर बसून हुकूम सोडत होते. मला म्हणाले, “अंगाने ओढ, मनगटाने नको.” तुला पहिल्यांदा हेच शिकवलं होतं. तू बारा वर्षांचा होतास आणि बोल्ट सुटल्यावर मागच्या मागे ऑइलच्या ट्रेमध्ये बसला होतास. मला आठवलं, मी हसले. बाबाही हसले. का हसलो ते दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही.

खोकं उघडलं तर आत निळेशार, काल बनवल्यासारखे. ह्या जुन्या डब्याला असले कॉइलओव्हर म्हणजे नाकापेक्षा मोती जड, पण खरं सांगते, हातात घेतल्यावर मीसुद्धा लहान मुलासारखी रिंगा वरखाली फिरवत बसले. शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र, अंगावर आटे, आट्यांवर दोन रिंगा. वरच्या रिंगेवर स्प्रिंग बसते. ती फिरवली की गाडी तेवढी वर किंवा खाली. खालची रिंग तिला कुलूप. ती घट्ट आवळायची आणि मग दोन्हींवरून रंगाची एक रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली की समजायचं, रिंग फिरली. बाबांची रेघ पांढरी, तुझी पिवळी, माझी नेलपॉलिशची लाल. “ज्याची रेघ त्याची जबाबदारी,” हे वाक्य तुला मी सांगायला नको.

उंची लावायची वेळ आली तेव्हा मी विचारलं, “चालवणाऱ्याच्या जागी कुणाचं वजन धरायचं?” कारण रिकाम्या गाडीवर लावलेली उंची बाबांना कधीच चालली नाही. त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, “एकसष्ट किलो होता. आता सत्तर धर.” नाव घेतलं नाही. पण पान्या, त्यांना तुझं वजन पाठ आहे रे. मग आम्ही दोन पोत्यांत जुनी बेअरिंगं भरली, वजन करून सत्तर किलो केली, सीटवर बसवली आणि वर पट्टाही बांधला. तुझ्या जागी भंगाराचं पोतं. भावोजी डबा घेऊन आले होते, ते म्हणाले, “पाव्हणे कमी बोलतात!” चाकाच्या मधापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही कोपरे मापले, एक रिंग अर्धा आटा, दुसरी पाव आटा करत संध्याकाळी चारही बाजू जुळल्या. बाबा मात्र पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, “डावी मागची बघ. डावी मागची परत बघ.” मी तीनदा बघितली.

तू एका गोदामात काम करतोस, पान्याला पुन्हा हात लावला नाहीस, एवढं मला कळलं आहे. हे सगळं वाचून तुझे हात शिवशिवले की राग आला, मला कळायला मार्ग नाही.

त्या दिवसाबद्दल मला लिहायचं आहे. डॉक्टरीणबाईंच्या गाडीचं. बाबांनी चार गिऱ्हाइकांसमोर तुझ्या थोबाडीत मारली आणि तू हात धुऊन घरातून निघून गेलास, त्या दिवसाचं. खरं तर तेच लिहायला बसले होते, आणि स्प्रिंगांवरच पानं भरली. लिहीन. आज भावोजींची हाक आली आहे.

प्रकृतीला जप.

ताई


रविवार, ३० मार्च

प्रिय पान्या,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे, मी उत्तर देण्यासारखं काही लिहिलंच नव्हतं. आणि मागच्या पत्रात शेवटी खोटं बोलले. भावोजींनी हाक मारली नव्हती. ते शाळेत होते.

नव्या स्प्रिंगा तीनचारशे किलोमीटर चालल्या की थोड्या बसतात. मग पुन्हा मापायचं आणि पुन्हा लावायचं, हे तुला माहीत आहे. मी गाडी चालवत होते, बाबा शेजारी कान लावून बसायचे. गाडी सुरेख चालते. वळणावर कलत नाही, खड्ड्यात आपटत नाही. परवा मापलं तर डावा मागचा कोपरा चार मिलिमीटर खाली बसलेला. जॅकवर घेऊन चाक काढलं, रिंगा मात्र जागच्या जागी. एवढं होतंच. बाबा वाकून बघत म्हणाले, “त्याने त्या दिवशी असं एकदा परत बघितलं असतं तर.” आणि त्याच दमात, “उद्या पेंटर येईल. पाटीवर तुझं नाव घालायचं. गॅरेज आता तुझं.”

पान्या, त्या पाटीखाली मला उभं राहता आलं नसतं.

तुला माहीत आहे. मी ते कागदावर लिहायला हवं एवढंच राहिलं आहे. डॉक्टरीणबाईंच्या गाडीलाही आपण असेच कॉइलओव्हर बसवत होतो, पण तिचं डावं मागचं चाक तू केलं नव्हतंस. तू पुढची दोन केलीस. मागची माझ्याकडे होती. डाव्या बाजूची खालची रिंग मी हाताने आणून टेकवली, रिंगेत अडकवायचा आकड्याचा पाना घेऊन आवळणार तेवढ्यात फोन वाजला. लग्नाला आठ दिवस होते, फोन ह्यांचा. आल्यावर आवळू म्हटलं, पण तुझी पिवळी बाटली उघडीच शेजारी होती, ब्रश त्यात होता. एक रेघ ओढून टाकली. आवळण्याआधीच. वीस मिनिटं आम्ही पडद्यांच्या रंगावर बोललो. परत आले तर रिंगेवर रेघ. रेघ आहे म्हणजे आवळलं आहे, असं समजून मी चाक चढवलं. माझ्याच रेघेने मला फसवलं.

तीन दिवसांनी रिंगा आट्यांवरून उतरल्या, कोपरा बसला, टायर मडगार्डला घासून फुटला आणि साठीतल्या, पण गाडी विशीतल्यासारखी हाकणाऱ्या त्या बाई कुंपणाच्या भिंतीवर गेल्या. मनगट मोडलं, तेवढ्यावर निभावलं. बाबांनी चाक काढून बॅटरी मारली, तुटलेली पिवळी रेघ दिसली, आणि त्यांनी तुला मारलं.

तू बाबांकडे बघितलंच नाहीस. माझ्याकडे बघितलंस. एकदाच. मी खाली बघितलं.

तू एक शब्द बोलला असतास तरी पुरे होतं. तू बोलला नाहीस ते माझ्या लग्नासाठी, हे मला तेव्हाच कळलं होतं. लग्न झालं की सांगू, मग वर्षभराने सांगू, मग आई गेली, आता कशाला बाबांना त्रास, असं करत मी अकरा वर्षं ताकास तूर लागू दिली नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. तुझं प्रत्येक कार्ड उघडताना मला वाटायचं, ह्या वेळी त्याने लिहिलं असेल. तू दर वेळी तेवढंच लिहायचास, तू बरी असशील. बरी होते रे. तुझ्या जिवावर बरी होते.

परवा मी बाबांना सांगितलं. तिथेच, चाक शेजारी असताना, एका दमात. ते उठले, साबणाने हात धुतले, हाताला काही लागलेलं नसताना. मग टायरवर बसले आणि म्हणाले, “म्हणजे त्याचा त्या चाकाला हातसुद्धा लागला नव्हता.”

मी म्हटलं, “बाबा, मला बोला. मारा हवं तर.”

“तुला मारून काय होणार? त्या वेळी तुझं नाव कळलं असतं तर तुझ्यावर हात उचलला असता का मी? नसता. दोन शब्द बोलून सोडलं असतं. मग त्याच्यावर कसा उचलला? चूक तुझी. पण थोबाडीत मी मारली. ती तुझ्या नावावर जात नाही.”

मग दोन दिवस ते जेवण्यापुरते बोलले. ह्यांना मी रडत रडत सगळं सांगितलं, तर म्हणाले, “फोन मी केला होता. मलाही थोडी शिक्षा हवी.” ह्यांचं असंच. पेंटर आला तो परत गेला.

आज सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले. “त्याच्या गावाला पोचायला किती तास लागतात?”

मी म्हटलं, “सहा. बोलावते त्याला. मी पत्र लिहिते.”

“बोलवायचं नाही,” म्हणाले. “बोलावणारे आपण कोण? आपण जायचं. दारातून परत फिरवलं तर परत फिरायचं. त्याला विचार फक्त, हा माणूस दारात आलेला चालेल का.”

म्हणून विचारते. पुढचा रविवार सोडून त्याच्या पुढच्या रविवारी, तेरा तारखेला, आम्ही सकाळी निघू. मी गाडी चालवीन, बाबा शेजारी बसतील. गाडीची किल्ली तुझ्या हातात देऊन आम्ही बसने परत येऊ. तुला नको असेल तर एक ओळ टाक. आम्ही येणार नाही, आणि का म्हणून विचारणारही नाही. ओळ आली नाही तर येऊ. आधी बाबांशी बोल. माझ्याशी बोलायची घाई करू नकोस.

माफ कर असं इथे लिहिणार होते. कागदावर लिहिलं की तुला उत्तराचं ओझं होतं. ते मी तुझ्या दारात म्हणेन, आणि ह्या खेपेला खाली बघणार नाही.

तुझ्या जागेवर अकरा वर्षं उभी राहिलेली,
तुझी ताई