शिवणीतले ठिपके

नाना, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मला तुम्हाला काही लिहावंसं वाटलं नाही आणि आज लिहायला बसले ते ढेकणांबद्दल. हसू नका. माझ्या घरात ढेकूण झाले, तुमच्या मुलीच्या घरात. आमचे हे गेल्यापासून मी वरचा मजला नाशकात शिकायला येणाऱ्या मुलींना दिला आहे. नऊ मुली वर, मी खाली. सकाळचा चहा, दोन वेळचं जेवण आणि माझी कटकट, एवढं सगळं त्यांना मिळतं. त्या मला काकू म्हणतात. त्यातल्या एका मुलीला मी घराबाहेर काढलं. ती सुरगाण्याच्या बाजूची, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या परीक्षेला तीन आठवडे होते तेव्हा.

पण आधी देवळाली कॅम्प. ते आरोग्यभवन आता राहिलं नाही, तरी मला त्याचा लांबलचक व्हरांडा अजून पाऊल न् पाऊल आठवतो. मुंबईहून हवापालटाला येणारी कुटुंबं महिना-महिना राहायची आणि खोल्यांची, खाटांची, गाद्यांची जबाबदारी तुमच्यावर. एक कुटुंब गेलं की दुसरं यायच्या आत तुम्ही खाट उलटी करता. मी बॅटरी धरून उभी. तुम्ही जुन्या पोस्टकार्डाची कड लाकडाच्या सांध्यातून हळूच फिरवता, गादीची शिवण दोन अंगठ्यांनी उलगडता. "ढेकूण शोधत बसू नकोस, ठिपके शोध," तुम्ही म्हणता. "काळे, टाकाच्या टोकाने टेकवल्यासारखे. ठिपके दाट असतील तिथं त्यांचं घर. तिथंच कात सापडेल, पांढरी अंडी सापडतील. नुसता एखादा चालताना दिसला, तर तो कुठूनतरी आलेला असतो." मग आई स्वयंपाकघरातून उकळत्या पाण्याचं पातेलं आणते आणि तुम्ही ते सांध्यासांध्यात ओतता. कोणी म्हणालं, उन्हात टाका की झालं, तर तुम्हाला राग यायचा. ऊन लागलं की ते मरत नाहीत, सरळ शेजारच्या गादीत जातात. उन्हात टाकायचीच तर गादी एकटी टाकायची, असं तुमचं म्हणणं.

आणि तो दिवसही आठवतो. मी नऊ वर्षांची. तुमच्याबरोबर फिरून फिरून मी स्वतःला मोठी तज्ज्ञ समजायला लागले होते. पाच नंबरच्या खोलीत एक ढेकूण दिसला आणि मी व्हरांड्यात सागरगोटे खेळणाऱ्या त्या खोलीतल्या मुलीला सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमच्या वळकटीतून आले ढेकूण." तिच्या आईने ऐकलं. ती आत गेली आणि सामान बांधायला लागली. तुम्ही मला मारलं नाही. तुम्ही त्या बाईंना सांगितलंत की आज सगळ्या ओळीच्याच खाटा धुवायच्या आहेत, दरवर्षी या दिवसांत धुतो. आणि ते खरं दिसावं म्हणून अकरा खाटा एकट्याने धुतल्यात. हात भाजले होते तुमचे. आई त्यावर खोबरेल लावत असताना तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "तुला ढेकूण सापडला म्हणजे माणूस सापडला असं नाही."

आता इथलं. घटस्थापनेच्या आधीच्या रविवारी मी दरवर्षीप्रमाणे सगळ्या घराच्या गाद्या, गोधड्या, उशा गच्चीवर टाकल्या. नवरात्राच्या आधी घरातलं अंथरूण ऊन खाल्ल्याशिवाय राहता कामा नये, हा सासूबाईंचा दंडक, आणि तो मी त्यांच्यापेक्षा कडक पाळते. दहा जणींचं अंथरूण आणि गच्ची एवढीशी. गादीला गादी चिकटून, गोधडीवर गोधडी. तुमचं म्हणणं मला पाठ होतं, पण घरात ढेकूण नाहीतच तर ते कशाला आठवायचं? नवरात्र झालं, दसरा झाला. दसऱ्यानंतर चार दिवसांनी सटाण्याची मुलगी सकाळी स्वयंपाकघरात आली आणि तिने माझ्या नाकासमोर दंड धरला. एका रांगेत चार लाल चट्टे. तिचे वडील कांद्याचे व्यापारी, मुलगी लाडाची, आवाज मोठा. मी काही बोलायच्या आत तिने आईला फोन लावला. "आठे ढेकूण शेतस वं माय!" इथे ढेकूण आहेत, हे शेजारच्या बिल्डिंगपर्यंत ऐकू गेलं असेल. तासाभरात सगळ्या मुली स्वयंपाकघरात. दोघींनी तर सांगूनच टाकलं की आम्ही दुसरी खोली बघतो.

सुरगाण्याची मुलगी सटाण्याच्या मुलीच्याच खोलीत. ती इथे आली ती एका खताच्या गोणीत सामान घेऊन, वर आईने शिवलेली गोधडी. हे सगळ्यांना माहीत होतं. कोणी मोठ्याने म्हणालं नाही, पण सगळ्या त्या गोणीकडेच बघायला लागल्या आणि मी त्यांच्यामागून बघायला लागले. तिची गोधडी झटकली, एक ढेकूण निघाला. मग मी जे केलं ते सांगते. मी तिला गच्चीवर नेऊन गोणी रिकामी करायला लावली. भर दुपारी, आठ जणी दारात उभ्या. तिने एकेक वस्तू फरशीवर मांडली. गणवेश, दोन पुस्तकं, घरून आणलेल्या नागलीची पिशवी, आतले कपडेसुद्धा. आतले कपडे ठेवताना तिने त्यांच्यावर ओढणी टाकली. "काकू, माझ्या घरी नाय ढेकूण. आमच्याकडं गोधड्या उकळून धुतात," एवढंच ती म्हणाली. मी म्हणाले, गोधडी राहू दे इथंच, ती जाळावी लागेल, आणि तू काही दिवस दुसरीकडे बघ. ती रडली नाही. तिने सामान परत भरलं आणि निघून गेली. बाकीच्या मुली खाली येऊन जेवायला बसल्या. मी त्यांना वाढलं.

दोन दिवसांनी फवारणीवाला आला. मध्यमवयाचा, कमी बोलणारा, गळ्यात बॅटरी. खरं सांगते, नाना, तो गुडघ्यावर बसून दोन अंगठ्यांनी शिवण उलगडायला लागला, अगदी तुमच्यासारखा. त्याने गच्चीवर काळ्या पिशवीत बांधून ठेवलेली ती गोधडी आधी बघितली. दोन जिवंत ढेकूण. ठिपका नाही, कात नाही, अंडं नाही. "मॅडम, हे इथलेच. घरातल्या दुसऱ्या गादीतून आलेत हिच्यात," तो म्हणाला. मग वरच्या सगळ्या खोल्या. कुठे एक, कुठे तीन, पण घर कुठेच नाही. "तुमची खोली कुठली?" मी म्हणाले, माझ्याकडे काही नाही, मला एकही चट्टा उठलेला नाही. तो म्हणाला, "पुष्कळांना उठत नाहीत. चावून जातात, कळत पण नाही." आणि तो खाली आला. माझ्या दिवाणाच्या डोक्याकडच्या फळीमागे त्याने बॅटरी मारली, मग गादीची शिवण उलगडली. दाट, काळे, बोटभर लांबीचे पट्टेच्या पट्टे. कातींचा थर. "यांचा इथं बराच मुक्काम दिसतोय," तो म्हणाला. मी सटाण्याला एका लग्नाला गेले होते त्या बॅगेतून आले, की एसटीच्या सीटवरून, देव जाणे. माझ्या गादीत राहिले आणि त्या रविवारी गच्चीवर सगळ्यांच्या अंथरुणात गेले. फवारणी झाली, अंथरूण सगळं गरम पाण्यातून काढलं. अंडी औषधाने मरत नाहीत म्हणून तो पंधरा दिवसांनी परत येणार आहे. सुरगाण्याच्या मुलीची गोधडी मी स्वतः उकळून वाळवली.

ती घेऊन मी तिच्या कॉलेजच्या फाटकाशी उभी राहिले. पहिल्या दिवशी ती दिसूनही मी मागे फिरले. दुसऱ्या दिवशी तीच माझ्याजवळ आली. एका मैत्रिणीकडे चौघींच्या खोलीत जमिनीवर झोपत होती, अभ्यास होत नव्हता, घरी परत जायचा विचार चालला होता. गावातून नर्सिंगला आलेली ती पहिली. मी म्हणाले, ढेकूण माझ्या गादीत होते, तुझ्यात नव्हते, चल घरी. तिने गोधडी हातात घेतली, कड चाचपली. मग म्हणाली, "काकू, मला आठ जणींसमोर उभं केलं होतं तुमी. हे पण आठ जणींसमोर सांगाल का?" मी हो म्हणाले.

आज दुपारी जेवणं झाल्यावर सगळ्यांना बसवलं. ती दारात उभी राहिली, आत आलीच नाही. घरी येताना रिक्षात मी एक वाक्य तयार केलं होतं, की ढेकूण सगळ्याच घरात होते, कोणा एकाचं नाव घ्यायला नको. वाटलं, हे तर नानांसारखंच. पण तिच्याकडे बघितल्यावर ते तोंडातून निघेना. तुम्ही ते दुसऱ्याला झाकायला म्हणाला होतात. मी सांगितलं, ढेकूण माझ्या गादीतून आले, मी गाद्या एकत्र टाकल्या म्हणून पसरले, आणि हिच्यावर आळ घेतला तो खोटा होता. सटाण्याच्या मुलीने मान खाली घातली. कोणीतरी म्हणालं, "जाऊ द्या काकू, तुम्हाला थोडंच माहीत होतं?" त्यावर मी गप्प राहिले. सुरगाण्याच्या मुलीने चपला काढल्या, गोणी उचलली आणि वर गेली. आता वरून तिच्या पाठ करण्याचा आवाज येतोय.

त्या गप्प राहण्यामुळेच हे लिहिते आहे, आणि हे पोस्टात टाकायचं नाही म्हणूनच लिहू शकते आहे. नवरात्राच्या आधीच्या त्या रविवारी गच्चीवर माझी गादी कठड्यावर टाकताना शिवणीतले ठिपके मी बघितले होते, नाना. एका नजरेत ओळखले. मागून मुली जिना चढत होत्या, म्हणून मी गादी पालथी घातली.